पेवाची ऊब

आश्विन लागला की माझ्या वर्गातली मुलं चुन्याच्या निवळीत फुंकर मारतात. काचेचा पेला, त्यात निवळी, निवळीत पपईच्या देठाची नळी, आणि एकेकाने पुढे येऊन श्वास सोडायचा. पाण्यासारखी नितळ निवळी बघता बघता दुधाळ होते. मुलांना भारी गंमत वाटते. 'सर, माझी जास्त पांढरी झाली', 'सर, यानं दोनदा फुंकलं', अशी भांडणं लागतात. मग मी खडू घेऊन फळ्यावर 'कर्बाम्ल वायू' असं लिहितो. नव्या पुस्तकात त्याला कार्बन डायऑक्साइड म्हटलं आहे, पण माझ्या तोंडात जुनंच नाव बसलं आहे. नंतर ठरलेली वाक्यं. आपल्या श्वासातून हा वायू बाहेर पडतो. लाकूड, कोळसा, तेल जाळलं की हाच निघतो. हा हवेपेक्षा जड असतो. यात दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. शेवटचं वाक्य मी खिडकीबाहेर बघून म्हणतो. मुलांना वाटतं, सर कापसाच्या जिनच्या धुराड्याकडे बघताहेत.

हा महिना मला कधीच मानवला नाही. पाऊस गेलेला असतो, पण ओल गेलेली नसते. वर ऊन कडक आणि खाली जमीन ओली. दुपारी नंदुरबारच्या दाणेबाजारातून घरी जाताना भिंतींतून, कडब्यातून, पोत्यांतून एक कोमट, आंबूस वास निघत असतो. एखादं पोतं भिजून बंद राहिलेलं असलं की तो वास फारच जवळ येतो आणि माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात. बायको म्हणते, मास्तर असून तुम्हाला वासाची भीती वाटते. वाटते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

भिजलेली ज्वारी कोंडून ठेवली की गरम होते. हात घातला तर चटका बसावा इतकी. दाणा वाळलेला दिसला तरी तो जिवंत असतो, ओल मिळाली की श्वास घ्यायला लागतो आणि श्वास घेणारी प्रत्येक वस्तू थोडी तापतेच. हे मला पुढे कॉलेजात शिकवलं. आमच्या प्रकाशाच्या लोकांना त्यातलं अर्धं पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. उरलेलं अर्धं माहीत नव्हतं, आणि त्यापायी माझा काका गेला.

प्रकाशा हे आमचं गाव. तापीच्या काठावर, गोमाई जिथे तिला येऊन मिळते तिथे. शेतं काळीभोर, पण गाव बसलं आहे ती माती पांढरी, उंच आणि घट्ट. म्हणून आमच्याकडे ज्वारी पेवात ठेवत. ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल खणलेली कोठी असते ती. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं आणि पोट एखाद्या खोलीएवढं. आतून शेणामातीचं लिंपण, त्यावर कडब्याचा थर, मग ज्वारी. तोंडावर फरशी आणि फरशीवर चिखल. एकदा बुजवलं की वर गुरं बसत, पोरं विटीदांडू खेळत, आणि खाली सगळ्या घराचं वर्षाचं अन्न पडून असे. लहानपणी मी त्या जमिनीला कान लावून ऐकायचो. आत काहीतरी हलतंय असं मला पक्कं वाटायचं.

पेव उघडत ते आश्विनात, नवी ज्वारी अजून शेतात उभी असताना. उघडण्याचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. फरशी सरकली की तिने तोंडाशी हळदकुंकू वाहायचं आणि दोन्ही तळवे त्या काळ्या तोंडावर धरायचे. आतून ऊब आली की तळवे डोळ्यांना लावायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "माय जित्ती शे." म्हणजे अन्नपूर्णा आत जागी आहे, दाणा चांगला आहे, खुशाल उतरा. हाताला गार लागलं तर मात्र पेव मेलं असं समजत. मग कंदील दोरीला बांधून आत सोडायचा. ज्योत टिकली तर उतरायचं, विझली तर पेव दिवसभर उघडं ठेवायचं. गार पेवाला दिवा आणि उबदार पेवाला नमस्कार, असा आमच्या गल्लीचा रिवाज होता. कुणी घालून दिला कोण जाणे. कोरड्या वर्षी त्याने काही बिघडत नसे. जमिनीचं पोट सकाळच्या हवेपेक्षा थोडं कोमट असतंच, तेवढ्यावर नमस्कार होई आणि माणसं सुखरूप उतरून वर येत.

त्या वर्षी मी मॅट्रिकच्या अभ्यासाला बसलो होतो. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आमच्या शाळेत संस्कृत होतं, इंग्रजांचा इतिहास होता, रसायन नावाचा विषय मात्र कुणी ऐकलाही नव्हता. परतीचा पाऊस जाता जात नव्हता. तापी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढली, उतरली, पुन्हा चढली. गावात सगळीकडे ओल. गोधड्या ओल्या, सरपण ओलं, पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. आमच्या पेवातही कुठून तरी पाणी पाझरलं असणार. ते वरून दिसण्याचा काही मार्ग नव्हता.

आई बहिणीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला गेली होती. त्यामुळे पेव उघडण्याचा मान गेला धाकट्या सुनेकडे, माझ्या रेवाकाकीकडे. काकी माझ्याहून फार मोठी नव्हती. घरात तिला कुणी काही विचारत नसे, सांगत असत. मान आपल्याकडे येणार हे कळल्यापासून ती एकदम सरळ चालायला लागली होती. नव्या लुगड्याची घडी तिने आदल्या संध्याकाळीच काढून ठेवली होती.

आत्मारामकाका म्हणजे तिचा नवरा, वडिलांचा धाकटा भाऊ. हसरा माणूस. पौषात पहाटे तापीत बुडी मारून उघड्या अंगाने घाट चढायचा, अंगातून वाफा निघायच्या, आणि आम्ही कुडकुडत त्याच्याकडे बघत राहायचो. 'थंडी माणसानं खावी रे, ती माणसाले खाई असं करू नही,' असं म्हणायचा. त्या सकाळी तो काकीला सारखा चिडवत होता.

"आज तू मालकीन शे. तू सांगशी तं उतरसू, नही तं घर जाईसन झोपी जासू."

"गम्मत नका करा," काकी दबक्या आवाजात म्हणाली. "माले भेव वाटस."

फरशी सरकली. काकीने कुंकू वाहिलं, पदर सावरला आणि तळवे धरले. क्षणभर तिला काही उमजलं नाही. मग तिचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेलो नाही. आतून येणाऱ्या वाफेने तिच्या बांगड्यांवर ओल धरली होती.

"माय जित्ती शे!" ती जवळजवळ ओरडलीच. "वं माय, कितली गरम शे! हात ठेवी पाहा!"

बायका पुढे झाल्या. एकेकीने हात धरला, डोळ्यांना लावला. इतकी ऊब कुठल्याच वर्षी आली नव्हती. जो तो म्हणाला, धाकटीचा हातगुण चांगला. मीही हात धरला. पावसाळी, गार सकाळ होती आणि ती ऊब हाताला इतकी बरी वाटली की काढून घेववेना.

शेजारचे दगाबाबा म्हातारे होते, तेवढे कुरकुरले. "कंदील सोडा का रे?"

"ऊब शे ना बाबा," वडील म्हणाले. "कंदील कसाले?"

काका दोरीला धरून उतरला. खालून त्याचा आवाज आला, "ज्वारीले तं घाम फुटेल शे!" वर सगळे हसले. "मालेबी फुटना," तो म्हणाला. टोपली भरून वर आली. दाणा ओलसर होता, वास आंबूस. वडिलांनी मूठभर घेऊन हुंगली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रिकामी टोपली पुन्हा खाली गेली आणि दोरीला हिसका यायची आम्ही वाट पाहत राहिलो. आला नाही. हाका मारल्या. मग सुखदेव नावाचा गल्लीतला धट्टाकट्टा जवान उतरला. तो अर्ध्यावरूनच "वढा, वढा!" असं ओरडला. त्याला ओढून काढला तर तो जमिनीवर आडवा होऊन ओकायला लागला. तेव्हा कुठे कंदील आला. पेवाच्या गळ्याशी ज्योत होती. आणखी हातभर खाली सोडली आणि ती विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली. माणसं मागे सरली. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ कुणीतरी घेऊन आलं. पुढचं मी लिहीत नाही.

काकी तिथेच बसलेली होती. नवं लुगडं चिखलात, दोन्ही तळवे मांडीवर उताणे. जणू ते तळवे कुणी दुसऱ्याचे आहेत आणि तिला थोडा वेळ सांभाळायला दिले आहेत, अशी ती त्यांच्याकडे बघत होती.

गाव म्हटलं की बोलणारच. देवीने माणूस मागितला, असं एक म्हणे. पेवात जुनं काहीतरी होतं, असं दुसरं म्हणे. थोरली असताना धाकटीने मान घेतला तो देवीला चालला नाही, हेही बोलून झालं. काकीच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि भिंती मातीच्या. जे बोललं जातं ते ऐकू येतंच.

आणि ज्वारी? ज्वारी टाकली नाही. टाकून कसं चालणार? पेव बरेच दिवस उघडं ठेवून, वारा घालून, दरवेळी दिवा सोडून ती वर काढली. उन्हात वाळवली. तिचा आंबूस वास काही गेला नाही. त्या हिवाळ्यात आम्ही त्याच ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. दळायला काकीच बसायची. ती जात्यावर ओव्या म्हणायची पूर्वी. आता नुसती घरघर ऐकू यायची. काळसर, किंचित आंबट भाकर आणि वर मिरचीचा ठेचा. खाताना कुणी कुणाकडे बघत नसे. अंगणात शेकोटी पेटली की सगळे गोळा होत, काकी मात्र लांब, ओट्याच्या टोकाला, गारठ्यात बसून राही. बोलावलं तर म्हणे, "माले ऊब सहन व्हत नही." आईला वाटलं, तिला काही दुखणं जडलं असावं.

पुढे मी बडोद्याला शिकायला गेलो. पहिल्याच वर्षी प्राध्यापकांनी एका काचेच्या बरणीत जळती मेणबत्ती सोडली आणि ती विझली. बाकीच्या मुलांनी नोंद घेतली. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. त्या दिवशी मला नीट कळलं की ओल्या दाण्याच्या श्वासातून दोन गोष्टी एकदम जन्माला येतात, हा वायू आणि ऊब. जितकी ऊब जास्त, तितका वायू जास्त. आमच्या रिवाजाने बरोबर उलटं केलं होतं. ज्या पेवाला सगळ्यात आधी दिवा दाखवायचा, त्याला आम्ही नमस्कार केला होता.

मी शास्त्राचा मास्तर झालो ही बातमी काकीपर्यंत गेली. "वामन शाळामा हवा शिकाडस म्हने," असं ती शेजारणींना सांगायची. तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसते. "वामन, एक इचारू?" म्हणते. मी मान वर करतो. आणि ती म्हणते, "तुन्हा पोरे कशा शेत?" मी सुटलो म्हणून सांगायला लागतो, थोरला असा, धाकटी तशी. तिला काय विचारायचं आहे ते मला ठाऊक आहे. दिवा सोडला असता तर ते वाचले असते का? आणि उत्तरही मला ठाऊक आहे. देवीने नेलं असं समजून एक बाई कसंबसं आयुष्य काढते आहे. त्या समजुतीखालची फरशी मी का सरकवावी?

मध्यंतरी एक गोष्ट वाचनात आली आणि माझी झोप उडाली. शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक येतं, बहुतेक वेळा कुणी उघडतही नाही. त्यात या वायूबद्दल लिहिलं होतं. हवेत तो किती असावा? दहा हजार भागांत जेमतेम तीन भाग. पण त्या चिमूटभर वायूवर पृथ्वीचं बरंचसं भागतं. सूर्याचा प्रकाश त्यातून आरपार खाली येतो, जमीन तापवतो. तापलेली जमीन ती उष्णता परत वर सोडते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी. हा वायू आणि हवेतली वाफ त्या किरणांना अडवतात, पितात आणि काही भाग पुन्हा खाली पाठवतात. आभाळ आलेल्या रात्री थंडी कमी का असते आणि स्वच्छ चांदण्यात थंडीने हरभरा का करपतो, हे आमच्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल. ढग करतात तेच काम हा वायू बारा महिने, न दिसता करतो. चंद्राला असं काही पांघरूण नाही. तिथे दिवसा भाजतं आणि रात्री सगळं गोठतं. हा वायू नसता तर तापीचं पाणी कायमचं दगड होऊन बसलं असतं.

इथवर वाचताना मला बरं वाटलं होतं. ज्याने माझा काका मारला तोच आपल्याला जगवतो, यात काही न्याय असेल नसेल, पण निदान हिशोब तरी होता. पुढे लिहिलं होतं की जगातल्या गिरण्या, आगगाड्या, बोटी इतका कोळसा जाळताहेत की हवेतला हा वायू वाढत चालला असावा. तो वाढला तर पृथ्वीही थोडी थोडी तापत जाईल. लिहिणाऱ्याला त्यात वाईट काही दिसत नव्हतं. थंड मुलखांना त्याने बरंच होईल, असा त्याचा सूर होता. बाकीचे विद्वान तर हे मानायलाच तयार नाहीत म्हणे. समुद्र सगळा वायू पिऊन टाकेल असं त्यांचं म्हणणं. असेलही. मी आपला नंदुरबारचा मास्तर, माझ्याजवळ एक पेला आणि चुन्याची निवळी. पण 'बरंच होईल' हे शब्द वाचले आणि मला त्या सकाळचा माझा हात आठवला, काढून न घेववणारा.

यंदाच्या सुट्टीत गावी निघालो तो सर्व्हिस मोटारीने. ही दुसरी लढाई संपली तरी पेट्रोलची टंचाई संपलेली नाही, त्यामुळे मोटारी अजून कोळशाच्या गॅसवर चालतात. गाडीच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी, आणि चढ आला की क्लीनर उतरून सळईने निखारे ढवळणार. कोळसा येतो खापरकडच्या आणि नवापूरकडच्या डोंगरांतून. गेल्या काही वर्षांत ते डोंगर मी पाठ उघडी पडल्यासारखे झालेले पाहिले आहेत. सागाचं, खैराचं उभं झाड आठवडाभर मातीखाली जळतं, मग पोत्यांत भरून खाली येतं आणि आम्ही त्यावर बसून दिवाळीला गावी जातो. मीही त्याच मोटारीत होतो, हे इथे लिहिलेलं बरं.

शेजारी एक पागोटेवाले पाटील बसले होते. बोलायची हौस दांडगी.

"मागला हिवायामा थंडीच नही पडनी, मास्तर," ते म्हणाले. "बरं व्हयनं. म्हतारा माणसे वाचनात."

"गहू पोचट निंघना पन," मागून कुणी म्हणालं.

"निंघू दे. गोधडी तं लागनी नही!" पाटील हसले आणि मोटारभर हशा पिकला.

एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. हवा आहे, कधी अशी कधी तशी. तरी मला त्या हशात सामील होता आलं नाही. मोटार तापीच्या अलीकडे थांबली. नावेत बसून मागे पाहिलं तर भट्टीचा धूर सरळ वर चालला होता आणि थोड्या उंचीवर तो दिसेनासा होत होता. दिसेनासा झाला की माणसाला वाटतं, संपला.

संध्याकाळी काकी ओट्यावर सूप घेऊन वाल निवडत होती. केस पिकले आहेत, बोटं वाकडी झाली आहेत. आई-वडील गेल्यापासून त्या घरात ती एकटीच असते. मी जवळ बसलो. नदीकडून गार वारा येत होता.

"वामन, एक इचारू?"

मी मुलांची खुशाली सांगायच्या तयारीत होतो.

"दिवा सोडा असता तं त्या वाचता का?"

सूप हलायचं थांबलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मीच गडबडलो. हो म्हणवेना, आणि शास्त्र शिकवणाऱ्या तोंडाने नाही कसं म्हणू? मग मी मास्तर लोक करतात तेच केलं. भलतीकडून सुरुवात केली. काकी, तो वायू काही वाईट नाही, असं म्हणालो. तो आपल्या श्वासात आहे, चुलीत आहे, सगळ्या आभाळात आहे. अहिराणीत शास्त्र सांगायला बसलं की शाळेतले सगळे शब्द गळून पडतात, उरतं तेवढंच सांगता येतं.

"सूर्यानं ऊन खाले येस. जमीन तापस. मंग ती ऊब वर पळी जावाले करस, तं हाऊ वायू तिले धरी ठेवस. सगळी जाऊ देत नही. तो नसता तं आपन कवयच गोठी जाता."

"तोच? पेवमा व्हता तो?"

"तोच. पन आभाळमा एकदम थोडा शे."

तिने दोन-तीन किडके वाल बाजूला टाकले. "आन वाढना तं?"

हा प्रश्न माझ्या वर्गात आजवर एकाही मुलाने विचारलेला नाही. मी सांगितलं. कोळसा जाळतात, डोंगर जाळतात, धूर वर जातो, तो वायू साठतो म्हणतात. मग ऊबही वाढेल. एकदम नाही, हळूहळू. कुणाला कळणारही नाही.

"कयी ना," काकी म्हणाली, कळेल की अशा सुरात. "गोड लागी. सगळासले गोड लागी." मग सूप हलवत, "माले लागनी व्हती. हात काढू नही असं वाटनं व्हतं."

"मालेबी," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अंधार पडू लागला होता. घरोघर दिवे लागत होते आणि चुलींचा धूर गल्लीवर खाली बसला होता. मला वाटलं, विषय टळला. तिला आभाळाएवढी गोष्ट सांगून मी तिची लहानशी गोष्ट झाकून टाकली. मनातून मी थोडा खूषही झालो असेन.

"तू इतलं लांबनं सांगं," काकी शांतपणे म्हणाली. "म्हंजे, हौ."

आता कुठे पळणार? "हौ, काकी," मी म्हणालो. "वाचता. पन तुले कोन सांगेल व्हतं? कोनलेच ठाऊक नव्हतं. मन्हा बाप बी तठेच उभा व्हता. आम्हीन सगळासनी हात ठेया व्हता..."

ती ऐकत नव्हती. तिने सूप खाली ठेवलं, वाल सांडू नयेत इतक्या जपून. "मंग देवीनी नही नेया त्यासले," ती स्वतःशीच म्हणाली. "इतला वरीस मी तिले फुकट शिव्यागाया दिध्यात."

त्या दिवशी पेवाच्या तोंडाशी ती रडली होती की नाही, मला आठवत नाही. आता मात्र तिने हेल काढला. नवऱ्याचं नाव घेऊन, दोन्ही हातांनी ऊर बडवत, माणूस नुकताच घरातून उचलून नेला असावा तशी. मी तिचे हात धरायला गेलो, पण तिच्या अंगात इतकं बळ कुठून आलं होतं कोण जाणे. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. चुलीपुढून उठून, पिठाचे हात तसेच घेऊन बायका धावत आल्या. तरण्या पोरी, नव्या सुना. त्यांतल्या निम्म्या त्या साली जन्मल्याही नव्हत्या. ओट्यापाशी येऊन त्या थबकल्या. एकीने घाबऱ्या घाबऱ्या मला विचारलं, "काय झायं हो मास्तर? कोन गयं?"

"आत्मारामकाका," मी म्हणालो.